बोट पाचची, पण पोहोचायचे केव्हा?



एरंडोलच्या माणसाने बोटीवर बोलावे, हे ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल. आमच्या गावची नदी अंजनी. पावसाळ्यात तिला जे पाणी येईल ते येईल. एरवी पोरे चपला हातात घेऊन तिच्यातून पलीकडे जातात. समुद्र म्हणाल तर कितीतरी दूर. तरीही बोट सुटण्याच्या दिवशी बंदरावर किती वाजता पोहोचावे, या विषयावर मी आज बोलणार आहे, आणि तेही खानदेशातल्या शेतकऱ्यांपुढे व शिक्षकांपुढे. पण दिवस बदलले आहेत. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला सहलीच्या मोठाल्या बोटी जातात. त्यांना आता सगळे क्रूझ म्हणतात. दोन-तीन रात्री बोटीवर राहायचे, जेवायचे, समुद्र पाहायचा आणि परत यायचे. कुणाला कापसाचे पैसे बरे आले म्हणून, कुणाच्या मुलाला नोकरी लागली म्हणून, कुणाच्या हातात निवृत्तीची रक्कम पडली म्हणून, आपल्याकडची माणसेही या बोटींची तिकिटे काढू लागली आहेत. आणि त्यातले पुष्कळजण मला एकच प्रश्न विचारतात : "सर, बोट पाचला सुटते. चारला पोहोचलो तर चालेल ना?"

मला विचारतात ते मी जाणकार आहे म्हणून नव्हे. माझी एक बोट चुकली आहे, आणि ती गोष्ट गावभर झाली आहे. तेव्हा आधी तीच सांगतो.

माझे थोरले काका प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घरात आणि गावात त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात. अडतीस वर्षे त्यांनी मुलांना भूगोल शिकवला. पृथ्वी गोल आहे हे कशावरून? तर दूर जाणाऱ्या जहाजाचा खालचा भाग आधी दिसेनासा होतो आणि डोलकाठी सर्वांत शेवटी, हा पुरावा त्यांनी अडतीस वर्षे फळ्यावर काढून दाखवला. स्वतः मात्र त्यांनी समुद्र पाहिला तो दोनदाच, चौपाटीवर उभे राहून, आणि तिथे जहाज नव्हते. सत्तरी उलटल्यावर एके दिवशी ते मला म्हणाले, "बोटीत बसून एकदा किनारा बुडताना पाहायचा आहे. पुस्तकातलं खरं आहे का, बघू तरी."

मी तिकिटे काढली. जिभाऊ, काकू, मी, माझी पत्नी आणि धाकटा मुलगा. २०२२ सालचा डिसेंबर होता. बोट सायंकाळी पाचला सुटणार होती. मी हिशेब केला : एरंडोलहून धुळे, मालेगाव, नाशिक करून मुंबई. मोटारीने आठ-नऊ तास. पहाटे साडेचारला निघालो तर फार तर दीडला पोहोचू. आदल्या दिवशी जाऊन मुंबईत पाच माणसांचे लॉजचे भाडे कशाला भरा? काकूंनी विचारले होते, "एक दिवस आधी जायचं का रे?" मी म्हणालो, "काकू, साडेतीन तास हाताशी आहेत."

हे साडेतीन तास मी पाचपासून मोजले होते. तिकिटाच्या कागदावर दुसरी एक वेळ छापलेली होती. नोंदणीची खिडकी तीनला बंद होईल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मी महाविद्यालयात शिकवतो, मुलांना प्रश्नपत्रिका नीट वाचा म्हणून दरवर्षी बजावतो. आणि हा कागद मी वाचला नव्हता. म्हणजे माझ्या हाताशी खरे तर दीडच तास होता.

नाशिकपर्यंत प्रवास झकास झाला. चांदवडच्या पुढे थांबून दशम्या आणि ठेचा खाल्ला. पण कसारा घाटात एक लांबलचक ट्रेलर आडवा झाला होता. पुढे गाड्यांची रांग, मागे गाड्यांची रांग. अकराला जे उभे राहिलो ते दोनच्या सुमारास हललो. त्या तीन तासांत जिभाऊ एकदाही रागावले नाहीत. ते मुलाला घाट म्हणजे काय, सह्याद्रीचा उतार पश्चिमेला उभा का आणि पूर्वेला सावकाश का, हे समजावून सांगत बसले होते. भिवंडीची आणि ठाण्याची गर्दी ओलांडून बॅलार्ड पिअरच्या फाटकाशी आम्ही पोहोचलो तेव्हा घड्याळात तीन चाळीस झाले होते.

बोट समोर उभी होती. हे मला अजून आठवते. धक्क्यावरच्या शेडच्या छपरावरून तिचे वरचे मजले दिसत होते, पांढरेशुभ्र, आणि कठड्याशी उभी असलेली माणसे हात हलवत होती. सुटायला एक तास वीस मिनिटे होती. आणि आम्हांला आत जाता येत नव्हते. खिडकीवरचा मुलगा नम्रपणे बोलला. त्याने कागदावरची ओळ दाखवली. यादी बंद झाली आहे, ती पुढे गेली आहे, आता ती उघडण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, असे तो म्हणाला. मी विनवण्या केल्या, म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवले, शेवटी आवाजही चढवला. त्याचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हा पटले नाही, नंतर पटले. पैसेही परत मिळाले नाहीत. तेही त्या कागदावर छापलेले होते.

मग आम्ही गेटवेशी जाऊन उभे राहिलो. जाताना तरी पाहू, असा विचार. पाचनंतर ती बोट दिवे लावून समोरून गेली आणि थोड्या वेळाने कुलाब्याच्या टोकाआड दिसेनाशी झाली. म्हणजे जिभाऊंना जे पाहायचे होते, आधी बूड आणि मग डोलकाठी, तेही तिथून दिसले नाही. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे भो, बोट ते दखी लिधी ना!" काकू काही बोलल्या नाहीत. परतीच्या प्रवासातही फारशा बोलल्या नाहीत.

आता तुम्ही विचाराल, बोट समोर उभी, तासभर अवकाश, आत शेकड्यांनी माणसे. मग पाच माणसांना घेतले असते तर काय बिघडले असते? मलाही हाच प्रश्न पडला होता. आपल्याला सवय एस.टी.ची. फाट्यावर म्हातारी हात करत धावताना दिसली की कंडक्टर दोरी ओढतो आणि गाडी थांबते. पाहुणे निरोप घेत असतील तर ड्रायव्हर थोडा दम खातो. हा आपल्या भागातला चांगुलपणा आहे आणि तो जाऊ नये असेच मला वाटते. पण बोटीचा कारभार निराळा असतो, आणि तो का निराळा असतो हे मी नंतर वाचून, विचारून समजावून घेतले.

पहिली गोष्ट यादीची. बोट समुद्रात गेली की तिच्यावर नेमकी किती माणसे आहेत, कोणकोण आहेत, हे किनाऱ्यावर कुणालातरी पक्के ठाऊक असावे लागते. आपल्याच किनाऱ्यावरची आठवण सांगतो. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढी अमावास्येचा दिवस. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे 'रामदास' ही बोट सकाळी निघाली आणि वादळी लाटांत थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली असे म्हणतात. पण हा आकडा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा दिलेला आढळतो. एवढी माणसे जावीत, आणि किती गेली यावरही एकमत नसावे, ही गोष्ट मनाला फार लागते. गावोगावच्या घरांतून माणूस परत आला नाही, एवढाच ज्याचा त्याचा हिशेब. म्हणून सुटण्याच्या आधी यादी मिटवावी लागते. ती बंदराच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती द्यावी लागते. परदेशाला जाणारी बोट असेल तर पारपत्रांची तपासणी निराळी. खिडकी तीनला बंद होते ती या कामासाठी. मधले दोन तास रिकामे नसतात.

दुसरी गोष्ट कवायतीची. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' नावाची प्रचंड बोट खडकावर आदळून कलंडली. तिच्यावर चार हजारांहून अधिक माणसे होती. बत्तीस जणांचा प्राण गेला. त्यातले शेकडो प्रवासी त्याच दिवशी चढलेले होते, आणि संकट आले तर कुठे जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, याची कवायत त्यांची अजून झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चढल्यापासून चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून लांबच्या प्रवासाच्या अशा बोटींवर ही कवायत सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. शाळेत प्रार्थना झाल्यावर येणारा मुलगा वर्गात बसू शकतो. इथे मात्र कवायत चुकलेला माणूस रात्री अंधारात इतरांच्याही जिवाला भार होतो.

आणि तिसरी गोष्ट वाटाड्याची. मुंबई बंदरातून एवढी बोट कप्तान आपल्या मर्जीने बाहेर काढत नाही. बंदराचा पायलट, म्हणजे तिथल्या पाण्याचा जाणकार, बोटीवर चढतो. लागल्या तर ओढबोटी दोर लावून तिला धक्क्यापासून सोडवतात. बाहेरच्या वाटेवर दुसरी जहाजे येत-जात असतात. या सगळ्यांच्या वेळा एकमेकींत गुंतलेल्या असतात.

पूर्वी तर या वेळा माणसाच्या हातातच नव्हत्या, त्या चंद्राच्या हातात होत्या. शिक्षकबंधूंना हा भाग वर्गात उपयोगी पडेल म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. मुंबईच्या प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक या जुन्या गोद्यांना दरवाजे होते. भरतीचे पाणी चढले की दरवाजे उघडायचे, जहाजे आत-बाहेर करायची, आणि ओहोटी लागण्याआधी दरवाजे लावून पाणी आत कोंडून ठेवायचे. आपण पाटाच्या पाण्याला फळी लावतो, तशातलाच प्रकार. फक्त फळीपलीकडे समुद्र. आता भरती केव्हा? किनाऱ्यावरची कोळी मंडळी त्यासाठी छापील कोष्टक पाहत नसत. त्यांचा हिशेब तोंडी असतो : पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, जो आकडा येईल तितक्या वाजताच्या सुमारास भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेला जवळजवळ बारा, आणि तेव्हाची भरती उधाणाची. रोज भरती पाऊण तासाने, नीट सांगायचे तर सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा पाऊणपटीचा पाढा जमतो. समुद्र न पाहिलेल्या मुलांना पंचांगावरून मुंबईची भरती काढायला सांगा. ती खूश होतात. जिभाऊंनी हा हिशेब मला शिकवला, आणि तो त्यांनी एका कोळी सहकाऱ्याकडून, प्रशिक्षणाच्या काळात, शिकलेला होता. आज बॅलार्ड पिअरला लागणाऱ्या बोटी गोदीच्या दरवाज्यावर अवलंबून नसतात. पण बंदराचा तो जुना स्वभाव गेलेला नाही. पाणी थांबत नव्हते तेव्हा बोटही थांबत नसे.

मग पूर्वीची माणसे काय करीत? ती पुष्कळ आधी जात. मुंबईहून कोकणपट्टीतून गोव्यापर्यंत जी रोजची बोट असे, ती आता राहिलेली नाही. पण तिच्यातून गेलेली माणसे आहेत. डेकवर बसायला जागा राखून ठेवलेली नसे, म्हणून आदल्या रात्रीच धक्क्यावर वळकटी टाकून रांग धरायची आणि फाटक उघडले की धावत जाऊन सतरंजी अंथरायची. जितकी सतरंजी तितके घर. आणि उलट बाजूला, कोकणातल्या लहान बंदरांवर, बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडावांतून माणसे तिच्यापर्यंत नेत. तिथे तर बोट नक्की केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नसे. पोरेबाळे, फणस, कोंबड्या घेऊन माणसे वाळूत बसून राहत आणि धुराची रेघ दिसते का ते पाहत.

आपल्या खानदेशातून हजला जाणारे लोकही १९९५ पर्यंत मुंबईहून बोटीने जेद्दाला जात. आता सगळेच विमानाने जातात. गावातल्या जुन्या हाजींकडून मी ऐकले आहे, की ते दिवस-दोन दिवस नव्हे, चांगले आठवडाभर आधी मुंबईत दाखल होत. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचे, कागद करायचे, टोचून घ्यायचे, नातेवाइकांचा निरोप घ्यायचा. आयुष्याची पुंजी घालून निघालेला माणूस एका दिवसाच्या भाड्याचा विचार करीत नसे. माझ्यासारखा पगारदार मात्र करतो, हे मला कबूल केले पाहिजे.

विलायतेला जाणाऱ्या साहेबलोकांची सोय वेगळी होती. बॅलार्ड पिअरवर थेट बोटीच्या अंगालाच आगगाडीचे स्टेशन होते. टपालाची बोट आणि आगगाडी यांची वेळ जुळवलेली असे. आज जळगाव-भुसावळवरून जी पंजाब मेल जाते, तिचे मूळ या टपालबोटींच्या वेळापत्रकात आहे. म्हणजे आपल्या स्टेशनांवरून एके काळी बोट गाठणारी माणसे जात होती. फक्त ती आपली नव्हती.

वेळेवर जाऊनही बोट चुकते, हेही लक्षात ठेवावे. १९१८ च्या मार्चअखेरीस लोकमान्य टिळक होमरूलच्या शिष्टमंडळाबरोबर विलायतेला निघाले. मुंबईहून मद्रासमार्गे आगगाडीने कोलंबोपर्यंत गेले, कारण पुढची बोट तिथून होती. कोलंबोला पोहोचले, आणि सरकारने त्यांचे परवाने रद्द केले. बंदरापर्यंत जाऊन सगळ्यांना परत फिरावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात ते चिरोल खटल्यासाठी निघाले आणि इंग्लंडला गेले. आपल्यासारख्यांचे परवाने कुणी रद्द करीत नाही. पण कागद नीट नसला की परिणाम तोच. आधार कार्डावर 'पाटील' आणि तिकिटावर भलतेच काहीतरी, वडिलांचे नाव एका ठिकाणी आहे आणि एका ठिकाणी नाही, असली प्रकरणे आपल्याकडे घरोघर आहेत. ती तिकीट काढतानाच जुळवून घ्यावीत. खिडकीशी उभे राहून ती जुळत नाहीत.

इंग्रजीतून किंवा मराठीतून ज्यूल व्हर्नची 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा' तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिचा नायक फिलियस फॉग मुंबईला ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी पोहोचतो आणि कलकत्त्याची बोट धरण्यासाठी आगगाडीने निघतो. ती गाडी आपल्या खानदेशातून, बऱ्हाणपुरावरून जाते. पुढे लोहमार्ग अपुरा म्हणून तो हत्तीवर बसतो आणि कमावलेले दोन दिवस तिथेच खर्ची पडतात. खरे पाहता ती गोष्ट १८७२ सालची, आणि मुंबई-कलकत्ता आगगाडी १८७० मध्येच सलग सुरू झाली होती. पण कादंबरीकाराला हत्ती हवा होता. मला त्यातली मजा निराळीच वाटते. हाँगकाँगला त्यांची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायची असते. दुरुस्ती लवकर झाली म्हणून ती आदल्या संध्याकाळीच निघून जाते. न्यूयॉर्कला फॉग पोहोचतो तेव्हा लिव्हरपूलची बोट पाऊण तासापूर्वी सुटलेली असते. घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या माणसाची ही गत. त्याच्याजवळ दुसरी बोट विकत घेण्याइतके पैसे होते म्हणून तो निभावला. आपण काय करणार?

तेव्हा आपण उलट्या बाजूने बेरीज करावी. हे गणित मी आता विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला कागदावर करून दाखवतो. सुरुवात बोट सुटण्याच्या वेळेपासून करायची नाही. ती वेळ विसरून जा. खिडकी बंद होण्याची वेळ घ्या. समजा तीन. तिच्यामागे दोन तास सोडा, म्हणजे एक वाजता आपण फाटकाशी हवे. आता एरंडोल ते मुंबई मोटारीने नऊ तास धरा. त्यात चहा, जेवण, म्हाताऱ्यांचे थांबणे आले. आणि या नऊ तासांचे निम्मे, म्हणजे साडेचार तास, घाटासाठी, पंक्चरसाठी, गर्दीसाठी ठेवा. झाले साडेतेरा. एकातून साडेतेरा वजा करा. आदल्या रात्रीचे साडेअकरा येतात. रात्री साडेअकराला म्हाताऱ्या माणसांना मोटारीत बसवून घाट उतरायचा, त्यापेक्षा आदल्या सकाळी निघून रात्री मुंबईत झोपलेले काय वाईट? निम्मे हे प्रमाण माझे स्वतःचे आहे, कुठल्या पुस्तकातले नाही. पण त्या दिवशी कसारा घाटाने माझ्याकडून तीन तास घेतले, तेव्हा ते फार चुकीचे नसावे.

तुम्ही म्हणाल, आता समृद्धी महामार्ग झाला. खरे आहे. त्याचा इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि सह्याद्री पोटातून, बोगद्याने पार होतो. घाटाची धास्ती बरीच कमी झाली. पण आमण्यापासून बंदरापर्यंत मुंबई उरतेच.

आगगाडीचे काय? आमच्या एरंडोलला रेल्वे नाही. जळगावला किंवा धरणगावला जावे लागते. जळगावहून रात्री बसले की सकाळी मुंबई. तरुण नवराबायको असतील, हातात एकेक पिशवी असेल, तर त्याच दिवशी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीने जायला माझी हरकत नाही; गाडी चार तास रखडली तरी निभावते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पिअर दीडएक किलोमीटर. पण बरोबर वडीलधारी माणसे किंवा लहान मुले असतील, तर एक रात्र मुंबईत काढाच. आणि पावसाळ्याच्या दिवसांत कुठलीही बोट, कुठलेही विमान असो, सगळ्यांनीच आदल्या दिवशी जावे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या जिल्ह्यात सबंध वर्षात इतका पडत नाही. त्या दिवशी मुंबईत असलेली माणसेसुद्धा घरी पोहोचली नाहीत, तर बाहेरून येणाऱ्याची काय कथा.

आता दुसऱ्या टोकाची माणसे. "मग सकाळी आठलाच जाऊन बसतो," असे म्हणणारेही मला भेटतात. याचाही उपयोग नाही. त्याच सकाळी ती बोट आधीची सहल संपवून आलेली असते. हजार-दोन हजार माणसे सामानासकट उतरत असतात. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, भाजीपाला, पाणी, इंधन भरायचे. लग्नाच्या मांडवात एक पंगत उठून दुसरी बसायची असते, त्या वेळी आत शिरले की यजमानही वैतागतो आणि पाहुणाही. दुपारपर्यंत तुम्हांला आत कुणी घेत नाही. मुंबईचे नवे क्रूझ टर्मिनल २० सप्टेंबर २०२५ ला उद्घाटित झाले आहे, प्रशस्त आहे. तरी वेळेआधी जाऊन तिथे काय करायचे? पुष्कळदा तिकिटावरच तुमची वेळ दिलेली असते, बारा ते एक किंवा एक ते दोन अशी. ती दिली असेल तर तीच पाळावी. दिली नसेल तर खिडकी उघडल्यावर तासाभराने जावे. पहिली झुंबड ओसरलेली असते आणि शेवटची घाई सुरू झालेली नसते.

सामानाबद्दल एकच सांगतो. मोठ्या बॅगा तिथे काढून घेतात आणि त्या खोलीवर पोहोचायला संध्याकाळ होते. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्र, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. लाडू-चिवडा नेण्याआधी विचारून घ्या. बाहेरचे खाणे सगळीकडे चालत नाही. काकूंची शेव दुसऱ्या खेपेला परत आली होती.

हो, दुसरी खेप झाली. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या डिसेंबरात. या वेळी आम्ही आदल्या दिवशी सकाळी आगगाडीने निघालो, संध्याकाळी मुंबईत पोहोचलो आणि स्टेशनजवळच्या एका साध्या लॉजमध्ये उतरलो. भाडे किती झाले ते काकूंनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. सकाळी जिभाऊ पाचला उठून तयार. आमची वेळ एक ते दोनची होती. नऊपासून त्यांनी मला सात-आठ वेळा घड्याळ विचारले, स्वतःच्या मनगटावर घड्याळ असून. शेवटी साडेबाराला निघालो. खिडकीशी अर्धा तास लागला. जिभाऊंच्या आधार कार्डावरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा. तिथल्या मुलीने दोनदा निरखून पाहिले आणि हसून शिक्का मारला.

चारला कवायत झाली. जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे हे दाखवत होते तेव्हा सगळी माणसे फोनवर फोटो काढत होती; जिभाऊ मात्र वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे ताठ उभे. पाचला बोट हलली. आम्ही वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला जाऊन थांबलो. अंधार पडत चालला होता, मुंबईचे दिवे लागले होते. काकू मुलाला घेऊन जेवायच्या खोलीकडे गेल्या. जिभाऊ हलायला तयार नव्हते. तासाभरानंतर, मग दीड तासानंतर, त्यांनी माझा हात धरला आणि बोट दाखवले. किनाऱ्यालगतची दिव्यांची ओळ आता दिसत नव्हती. उंच इमारतींचे वरचे दिवे तेवढे पाण्यावर ठेवल्यासारखे दिसत होते. मग त्यांतलेही खालून एकेक कमी होत गेले. जिभाऊ हळू आवाजात मोजत होते.